मुक्कामी फौज

शनिवारी सकाळी बाबांनी माझ्या शहरात आणखी एक फौज उतरवली.

"आली बघ गं!" ते आतल्या खोलीतून ओरडले. "आता जावई काय, जावयाचा बाप आला तरी तुझ्या केसाला धक्का लागायचा नाही."

मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आमचा नियमच होता, एकाची चाल चालू असेल तर दुसऱ्याने त्या खोलीत थांबायचं नाही. शत्रूला न दिसणारं मित्रालाही दिसू नये, असं बाबांचं मत. त्यांची चाल लांबायची. माझा चहा होई, भांडी होत, कधी एखादं प्रकरण वाचून होई, तरी आतून माउसची टकटक चालूच असे.

हा खेळ संगणकावरचा. दादाने, म्हणजे माझ्या भावाने, बाबांचं मन रमावं म्हणून तो घालून दिला होता. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचा काळ, मधे एक मोठा समुद्र, त्याच्या काठाकाठाने वसलेली राज्यं. सुरुवातीला पडद्यावर नाण्यांसारख्या गोल मुद्रा येतात आणि विचारलं जातं, तुम्ही कोण? रोम, कार्थेज, सिराक्यूज, एपिरस, इजिप्त, मस्सालिया. एकदा निवडलं की शेवटपर्यंत तेच. मधेच बाजू बदलता येत नाही.

बाबांनी पहिल्याच दिवशी या सगळ्यांना नात्यात आणून टाकलं. ती नावं त्यांच्या जिभेवर बसत नव्हती, हे एक कारण, आणि नातं कळल्याशिवाय माणसाशी कसं वागायचं हे कळत नाही, हे दुसरं. इजिप्त म्हणजे मावशी, घर मोठं, कोठारं भरलेली, मागितलं की देणार आणि दिलेलं सगळीकडे सांगत सुटणार. एपिरसचा राजा म्हणजे काका. बाबांचे एक चुलतभाऊ होते, ते प्रत्येक भांडण जिंकून घरी येत आणि दर वेळी सदरा फाटलेला असे. एपिरसचंही तसंच, लढाई जिंकायची आणि माणसं गमवायची. मस्सालियाला ते मसालेवाली म्हणत. ती सगळ्यांशी व्यापार करी, भांडण कुणाशीच नाही. "शेजारीण असावी तर अशी," बाबा म्हणायचे, "वाटी घेऊन येते, पण घरात डोकावत नाही."

रोमला ते जावई म्हणत.

"आधी पाणी मागतो," ते सांगायचे, "मग पाय पसरायला जागा मागतो. मग विचारतो, ही भिंत कुणाची?"

हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला लागलं होतं, कारण त्यांना जावई एकच होता आणि तो मला सोडून गेला होता. बाबांच्या ते ध्यानात आलं असावं. त्यांनी माझ्याकडे न बघता चष्मा पुसला, पण नाव बदललं नाही. हळूहळू मीही म्हणू लागले. "जावई सामुद्रधुनीपाशी आलाय." "जावयाने काकांना गिळलं." म्हणता म्हणता त्या शब्दातलं विष उतरलं. बाबांनी मुद्दाम केलं होतं की काय, कुणास ठाऊक.

त्यांनी स्वतः कार्थेज घेतलं आणि मला सिराक्यूज दिलं. मी म्हटलं, "बाबा, ही दोन शहरं खऱ्या इतिहासात एकमेकांच्या उरावर बसलेली होती. पिढ्यान्‌पिढ्या."

"ते त्यांचं त्यांनी बघावं," बाबा म्हणाले. "आपण बापलेक आहोत."

आणि त्यांनी मैत्रीच्या तहाची खूण दाबली. त्या तहात एक कलम होतं. मित्राच्या शहरात आपली फौज मुक्कामाला ठेवता येते. मित्राची इच्छा आहे की नाही, हे कुणी विचारत नाही.

नवरा मला सोडून गेला त्याच आठवड्यात बाबा आले होते. दुसऱ्या गावी त्यांचं स्वतःचं घर होतं, दोन खोल्या, मागे लिंबाचं झाड आणि कोपऱ्यावर न्हाव्याचं दुकान, जिथे त्यांचे निवृत्त मित्र दाढी करायची नसली तरी जाऊन बसत. आई गेल्यावरही ते तिथे एकटे नीट राहत होते. माझ्याकडे आले ते एक पिशवी घेऊन. दारातच म्हणाले, "मी आहे ना." मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. तेव्हा मला खरोखरच कुणीतरी हवं होतं, हे इथे लिहून ठेवते.

पण बाबा आयुष्यभर एका कारखान्याचे भांडारपाल होते. त्यांचं एकच तत्त्व होतं, संपल्यावर आणतो तो गिऱ्हाईक, संपायच्या आत आणतो तो भांडारपाल. पिशवीनंतर एक रॅक आला. रॅकवर साबण, दिवे, काड्यापेट्या, सुतळ्या, नळाचे वायसर, सेल. मग दुसरा रॅक. मग गॅलरीत खोकी. मग बैठकीच्या खिडकीसमोर खोकी, कारण गॅलरी भरली. त्या खिडकीतून आधी समोरच्या शाळेचं मैदान दिसायचं. आता 'कपडे धुण्याची पावडर' असं दिसत होतं. माझ्याच घरात मी आडवी चालू लागले. ग्रंथालयातल्या नोकरीवरून येताना माझ्या हातात नवं पुस्तक दिसलं की बाबा कौतुकाने म्हणत, "आण, जागा करतो," आणि माझी जुनी पुस्तकं बांधून पलंगाखाली सरकवत.

मी घरी आले की सगळं झालेलं असे. कुकर लावलेला, कपडे काढलेले, दाराला आतून कडी. मी जिना चढत असतानाच ती निघे, कारण बाबा वाट बघत दाराशीच उभे असत. मैत्रिणीकडे थांबले तर ते जेवत नसत. रागावत नसत, नुसतं जेवत नसत. "मला कुठे भूक होती," म्हणत. मग मी थांबणंच सोडलं. बाहेरच्यांना वाटे, मुलगी म्हाताऱ्या बापाला सांभाळते आहे. बापाला वाटे, आपण मुलीला सांभाळतो आहोत. दोघांतलं कुणीच कुठे जाऊ शकत नव्हतं.

त्या शनिवारी मी ठरवलं होतं की बोलायचं. वाक्य तयार होतं. स्वयंपाकघरात चहा गाळताना मी ते मनात म्हणून बघत होते. "बाबा, आता तुम्ही तुमच्या घरी जा." साधं वाक्य. त्यातल्या शेवटच्या एका अक्षरापाशी जीभ अडत होती.

आमच्या घरात तो शब्द चालत नसे. लहानपणी शाळेला निघताना मी चुकून 'जाते' म्हटलं की आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, धावत येऊन माझ्या तोंडावर हात ठेवी. "येते म्हणावं! जाते काय जाते!" आणि निरोप देणाऱ्याने म्हणायचं, "या." घर सोडणाराही येतोच म्हणतो आणि दार लावणाराही या म्हणतो. अशा घरात वाढलेल्या मुलीने बापाला 'जा' कसं म्हणायचं, याचं उत्तर मला माझ्या एवढ्या वाचनात कुठे सापडलं नव्हतं. 'या' म्हणावं, तर बाबा खरोखरच येणार.

"झाली माझी चाल," बाबा म्हणाले. "बस तू."

त्यांनी खुर्ची दिली. ती गरम होती. पडद्यावर माझं शहर उघडलं, तटबंदी, बंदर, टेकडीवरचं देऊळ. बंदरात बाबांची गलबतं दाटीवाटीने उभी होती. माझी एक मासेमारी नाव होती, ती बाहेर पडायला वाट नव्हती. कोठाराचा आकडा लाल झाला होता.

कारण बाबांना एक गोष्ट माहीत नव्हती. त्यांना वाटत होतं, फौज आपली तर तिचा दाणागोटा आपल्या घरून येणार. खेळाचा नियम उलटा होता. फौज जिथे मुक्कामाला असेल तिथलं खाते. आयुष्यभर भांडार सांभाळलेल्या माणसाची एवढी एक चूक. माझं शहर शत्रूने वेढलेलं नव्हतं. जावई तर अजून पलीकडच्या किनाऱ्यावर होता. माझं शहर राखणदारांमुळे उपाशी होतं.

"धान्य पुरतंय ना गं?" बाबांनी दाराबाहेरून विचारलं. नियम म्हणजे नियम, ते आत येत नसत.

"पुरतंय."

"कमी पडलं तर सांग हं. संकोच करू नकोस. आणखी एक फौज पाठवतो."

मला हसू आलं. हसता हसता वाटलं, हीच वेळ आहे. "बाबा," मी म्हटलं.

"काय गं?"

पडद्यावर डाव्या बाजूला तहाची पाटी असते. तिथे दोनच खुणा होत्या, मैत्री ठेवा किंवा मैत्री मोडा. 'तुमची फौज आता घरी न्या' असं मित्राला सांगायची सोय खेळ बनवणाऱ्यांनी ठेवली नव्हती. त्यांच्याही घरी आमच्यासारखंच असावं.

"चहा निवतोय तुमचा," मी म्हटलं.

माझी चाल संपली. त्यांची पुढची सुरू झाली, पण थोड्या वेळाने ते मान चोळत बाहेर आले. "राहू दे. उरलेली उद्या. आज मान धरलीय." पडदा तेवढा बंद केला, संगणक चालूच ठेवला, कारण बंद केला तर उघडायला दादाला फोन करावा लागेल अशी त्यांना धास्ती. मग दिवसभर काही विशेष घडलं नाही. दुपारी त्यांनी रॅकवरचे सेल तारखेप्रमाणे लावले. संध्याकाळी आम्ही दोघांनी मिळून एक बिघडलेली छत्री दुरुस्त केली आणि ती आणखी बिघडली.

रविवारी सकाळी पाव आणायला ते खाली निघाले. घरात पाव होता. "एकच पुडा उरलाय," ते म्हणाले. "येतो."

"या," मी वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हटलं.

खाली औषधवाल्याच्या दुकानासमोर एक बाक आहे. तिथे ते बसले. औषधवाला नंतर मला सांगत होता की त्याला वाटलं, काका ऊन खातायत. दोन गिऱ्हाईकं केली, मग बाहेर येऊन हाक मारली. मग तो जिना चढून वर आला. माझ्या दाराशी धापा टाकत उभा राहिला. त्याच्या हातात बाबांची पिशवी होती, तीत पाव.

पुढचे दिवस इतरांचे होते. दादा आला, वहिनी आली. दादा मोठ्याने रडला आणि मग सगळी कामं उरकली. वहिनीने स्वयंपाकघरात उभं राहून खोकी पाहिली आणि म्हणाली, "बाई गं, एवढं सगळं तुम्ही कधी वापरणार होतात?" निघायच्या आदल्या दिवशी दादा म्हणाला, "तू एकटी कशी राहणार? आमच्याकडे चल." मी म्हटलं, राहीन. तो म्हणाला, "असं कसं?" आणि त्यावरचा त्याचा तोडगा संध्याकाळी दारात उभा राहिला.

तोडगा म्हणजे आत्या. हातात एक पिशवी. दारातच म्हणाली, "मी आहे ना."

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं, पण या वेळी रडू आलं नाही. मी तिच्या खांद्यावरून तिची पिशवी बघत होते.

आत्या शिवणकाम करते. वयाने बाबांपेक्षा मोठी, पण कमरेत वाकलेली नाही. अजून सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवते आणि तसं दर वेळी सांगते. तिच्या गावी तिचं छोटं दुकान आहे, गिऱ्हाईकं बांधलेली. मी मनाशी म्हटलं, दुकान सोडून ती किती दिवस राहणार? मग एक टेम्पो आला आणि त्यातून तिचं शिवणयंत्र उतरलं. ते बाबांच्या खोलीत, भिंतीशी उरलेल्या एकमेव मोकळ्या जागेत बसलं. यंत्राचं झाकण निघालं तसा माझा धीर सुटला. माणूस पिशवी घेऊन परत जातं. यंत्र परत जात नाही.

मी ग्रंथालयातून यायची, तर दाराला आतून कडी. जिना चढत असताना ती निघायची.

आत्याला रिकामं बसवत नाही. बाहेरच्या शिवणाची सवय, इथे गिऱ्हाईक नाही, म्हणून तिने घरातल्या वस्तूंना कपडे शिवायला घेतले. मिक्सरला झालं. पंख्याला झालं. फोनला झालर लावलेली टोपी झाली. बाबांच्या खोक्यांना तिने एका लांबलचक फुलाफुलांच्या पडद्याने झाकलं, त्यामुळे ती कमी न होता उलट कायमची झाली. रात्री मी दिवा लावून वाचत बसले की ती येऊन मालवायची. "डोळे जातील." एकदा मी ग्रंथालय बंद झाल्यावरही तिथेच, परत आलेल्या पुस्तकांच्या गाडीपाशी बसून राहिले. पहारेकरी म्हणाला, "मॅडम, घरी जायचं नाही का?" मी म्हटलं, "जायचंय. घरी कुणीतरी आहे." तो म्हणाला, "मग तर बरंच आहे की."

एके संध्याकाळी आत्याने गळ्यात टेप अडकवला आणि म्हणाली, "तो डबा बंद करून दे. माप घ्यायचंय."

डबा म्हणजे संगणक. त्या शनिवारपासून तो चालूच होता. पडदा काळा, पण आतला पंखा घुमत असायचा. शेजारच्या खोलीत झोपताना मला तो ऐकू येई. मला वाटायचं, बाबा चाल करतायत. त्यांची चाल नेहमीच लांबायची.

"राहू दे ना तो," मी म्हटलं.

"धूळ खातोय. आमच्या छोटूची वस्तू आहे, नीट झाकून ठेवू." छोटू म्हणजे बाबा. पांढऱ्या केसांचा तिचा छोटू. "चांगलं जाड कापड काढलंय. एकदा चढवलं की वर्षानुवर्षं बघायला नको."

"थांब," मी म्हटलं. "आधी खेळ बंद करायचाय."

मी बाबांच्या खुर्चीत बसले आणि पडदा लावला. आत्या टेप हातात घेऊन मागे यंत्रापाशी बसली.

बाबांची चाल अर्धी उघडी होती. त्यांच्या बाजूने तो समुद्र मी कधीच पाहिला नव्हता, नियम म्हणजे नियम. मी कार्थेजवर माउस दाबला.

शहर मोठं होतं, माझ्यापेक्षा कितीतरी मोठं. गोल बंदर, आणि त्यात एकही गलबत नाही. तटावर पहारा नाही. शेतं पडीक, कारण शेतावरची माणसं भरती होऊन माझ्याकडे गेली होती. एका कोपऱ्यात धूर. पडद्याच्या कडेला एकच सूचना पुन्हा पुन्हा आलेली, एकीवर एक साचलेली. राजा राजधानीत नाही. नागरिक वाट पाहत आहेत. राजा राजधानीत नाही. नागरिक वाट पाहत आहेत. दर चालीला ती त्यांच्यासमोर येत होती आणि दर चालीला ते ती बाजूला सारून मला बाहेरून विचारत होते, धान्य पुरतंय ना गं?

राजा माझ्या शहरात होता. बंदराशी, फौजेच्या पुढे, पांढऱ्या दाढीचा, एवढासा.

"हे कुणाचं घर?" आत्या मागून वाकून बघत होती.

"बाबांचं."

"असं ओसाड का?"

"सगळी फौज घेऊन ते माझ्याकडे येऊन राहिलेत. मला राखायला."

आत्या नाकातून हसली. "खेळातही तेच का केलंन्? कमाल आहे छोटूची." टेप तिने बोटाभोवती गुंडाळायला घेतला. "मला फोन करायचा. तू कामाला गेलीस की. म्हणायचा, ताई, लिंबाला फुलं आली असतील. म्हणायचा, न्हाव्याकडे माझ्या खुर्चीत आता तो बहिरा पोस्टमन बसत असेल, बसू दे मेल्याला. एकदा म्हणाला, ताई, मला स्वप्नात माझ्याच घराचं कुलूप उघडेना."

"मला कधी म्हणाले नाहीत."

"तुला कसं म्हणेल?"

"मग निघून का नाही गेले? मी काय बांधून ठेवलं होतं?" माझा आवाज चढला होता. मला तो थांबवावासा वाटला नाही.

"मीही तेच म्हटलं. म्हटलं, ये की निघून, पोरगी चांगली कमावती, शहाणीसुरती आहे. तर म्हणाला, ती अजून जा म्हणत नाही."

"काय?"

"जा म्हणत नाही. म्हणाला, तिच्या मनातली भीती गेलेली नाही, ताई. ज्या दिवशी आपल्या तोंडाने म्हणेल, बाबा, आता जा, त्या दिवशी समजेन पोर सावरली. तोवर मी कसा निघू?"

पंखा घुमत होता. पडद्यावर बंदरातलं पाणी हलत होतं. ते कुणी खेळत नसलं तरी हलतच राहतं.

"आत्या," मी म्हटलं, "जा म्हणू नये, हे मला कुणी शिकवलं? माझ्या तोंडावर हात कुणी ठेवला?"

"मी?" आत्या चमकली. "मी, 'जाते' म्हणू नकोस म्हटलं होतं. ते निघणाऱ्याने म्हणायचं नसतं. दुसऱ्याला 'जा' म्हणू नकोस, असं मी कधी म्हटलं? मग गिऱ्हाइकांना दुकानातून कसं घालवलं असतं मी इतकी वर्षं?"

मी हसले. तीही हसली. मग हसता हसता मी टेबलाची कड धरली. आत्या उठू लागली. मी हाताने तिला तिथेच बस म्हटलं. ती बसली. तिच्या जागेवरून, जरा वेळाने, अगदी वेगळ्या, दबक्या आवाजात ती म्हणाली, "माझीही गिऱ्हाइकं खोळंबलीत गं. एकीच्या मुलीचा झगा अर्धा कापून ठेवलाय. पण तुला असं सोडून..."

तिने वाक्य पुरं केलं नाही. आमच्या घरात अशी वाक्यं पुरी करत नाहीत.

मी पडद्याकडे वळले. बाबांची चाल होती ती मी खेळले. हे नियमात बसत नाही, पण नियम करणारा उरला नव्हता. राजाला उचललं. त्याच्यामागे एकेक फौज गलबतावर चढवली, पहिली आलेली, तिच्यानंतर आलेली, आणि शनिवारी आलेली, जिच्यावर त्यांचा एवढा भरवसा होता. बंदर भरलं तसंच रिकामं होत गेलं. सगळ्यांत शेवटी माझी ती मासेमारी नाव दिसू लागली. मी कार्थेजकडे वाट आखली. समुद्रावर ठिपक्यांची रेघ उमटली, एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, आणि खेळाने विचारलं, सिराक्यूज संरक्षणाविना राहील. पुढे जायचं?

माझं बोट माउसवर होतं. जावई अजून सामुद्रधुनीच्या पलीकडे होता. तो येणारच. माझ्या तटावर माझीच मोजकी माणसं होती आणि कोठारात लाल आकडा, जो आता पहिल्यांदा थांबणार होता.

मी 'हो' दाबलं. शिडं वर गेली. एवढ्याने भागलं असतं, खेळाला बोलून दाखवावं लागत नाही. पण खेळाला सांगून मला काय करायचं होतं?

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं. आवाज फाटका आला, म्हणून पुन्हा म्हटलं. "बाबा, आता जा तुम्ही. घरी जा. माझं मी बघते."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मी वळले नाही. वळून तिचं तोंड पाहिलं असतं, तर 'राहा' म्हणून गेले असते. मी गलबतांकडेच बघत राहिले.

"आणि आत्या," मी म्हटलं, "तूही जा."